भुसभुशीत हिमावरील रुंद स्की : आकार, बांधणी आणि कार्यक्षमता यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना प्रगती ही सरळ रेषेत होते असे गृहीत धरण्याचा मोह होतो. जुने ते जड, ओबडधोबड आणि नवे ते हलके, नेमके अशी ही मांडणी असते. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला बांधावयाच्या स्की या साध्या साधनाचा इतिहास मात्र या गृहीतकाला छेद देतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या रुंद स्कीचे 'क्रांतिकारक' म्हणून स्वागत झाले, तिच्याहून रुंद स्की सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी उत्तर युरोपात वापरली जात होती. रुंदीचा लाभ मनुष्याला ठाऊक नव्हता असे नाही. तो मधल्या काळात विसरला गेला. हे विस्मरण का घडले आणि त्या ज्ञानाचे पुनरागमन कोणत्या मार्गाने झाले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्या अनुषंगाने रुंद स्कीचा आकार, तिची बांधणी आणि तिची कार्यक्षमता यांची तुलना येथे केली आहे.

रुंदी आणि भार

नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाची घनता दर घनमीटरला साधारणतः 50 ते 100 किलोग्रॅम, म्हणजे पाण्याच्या वीसाव्या ते दहाव्या हिश्शाएवढी असते. अशा हिमात चालणारा माणूस मांडीपर्यंत रुततो. ओल्या वाळूत बैलगाडीचे अरुंद चाक रुतते आणि उंटाचा पसरट पाय रुतत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. साहित्यासह 85 किलो वजनाचा मनुष्य बुटांवर उभा असेल तर त्याचा भार सुमारे 600 चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 140 ग्रॅमच्या आसपास पडतो. 205 सेंटिमीटर लांब आणि सरासरी साडेसात सेंटिमीटर रुंद अशा, 1980 च्या दशकात प्रचलित असलेल्या स्कीच्या जोडीवर तोच भार 28 ग्रॅमपर्यंत उतरतो. 186 सेंटिमीटर लांबीची आणि सरासरी 12 सेंटिमीटर रुंदीची जोडी घेतल्यास तो 19 ग्रॅम होतो. म्हणजे लांबी कमी करूनही भार सुमारे एकतृतीयांशाने घटतो. हा हिशेब ढोबळ आहे. वेगात असलेल्या स्कीला हिमाचा प्रवाहही वर उचलतो, आणि तो भाग या गणितात येत नाही. तरी प्रश्नाचे स्वरूप समजण्यास तो पुरेसा आहे.

आता स्वीडनच्या उत्तर भागातील काल्व्हट्रेस्क येथे 1924 मध्ये सापडलेल्या स्कीचा विचार करावा. सुमारे 5,200 वर्षांपूर्वीच्या या स्कीची लांबी 204 सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर आहे. वरील पद्धतीनेच हिशेब केल्यास तिच्यावरील भार दर चौरस सेंटिमीटरला 13 ते 14 ग्रॅम इतकाच येतो. एवढ्या रुंदीची गरजही उघड आहे. ती स्की उतारावर खेळण्यासाठी नसून जंगलात शिकारीमागे चालण्यासाठी होती, आणि चालताना सारे वजन आळीपाळीने एकाच पायावर येते. आल्ताई पर्वतप्रदेशातील लोकांच्या स्की आजही आखूड व रुंद असतात. त्यांच्या तळाला घोड्याचे केसाळ कातडे लावलेले असते. केसांच्या दिशेमुळे स्की पुढे घसरते, पण चढावर मागे सरकत नाही. ज्यांना न तुडवलेल्या हिमातूनच रोज जावे लागे, त्या समाजांनी रुंदी सोडली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अरुंद स्कीचे राज्य

आधुनिक स्कीचा आरंभ सामान्यतः नॉर्वेतील तेलेमार्क प्रांतापासून सांगितला जातो. मोर्गेडाल येथील सोंद्रे नूरहाइम (1825–1897) याने टाचेभोवती वळवलेले बाइंडिंग आणि मध्यभागी निमुळती, म्हणजे 'कंबर' असलेली स्की प्रचारात आणली, असे परंपरा मानते. कंबरेचे महत्त्व भौमितिक आहे. स्की कडेवर कलती केली आणि तिच्यावर भार दिला की ती वाकते व तिची अंतर्वक्र कड हिमावर एका वर्तुळाचा कंस कोरते. कडेचा बाक जितका खोल, तितके ते वर्तुळ लहान. स्थूलमानाने, हिमाला टेकलेल्या लांबीच्या वर्गाला बाकाच्या खोलीच्या आठपटीने भागले असता त्या वर्तुळाची त्रिज्या मिळते. 1 मीटर 80 सेंटिमीटर लांबीला 7 मिलिमीटर बाक असेल तर त्रिज्या 58 मीटरच्या आसपास येते. विसाव्या शतकाचा बराच काळ स्की याच प्रकारच्या होत्या, आणि त्यांवरून लहान वळण घेणे हे वस्तुतः स्कीचे नसून स्कीपटूच्या गुडघ्यांचे व कौशल्याचे काम होते.

आल्प्सच्या तीव्र उतारांवर हे साधन नेताना ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डच्या माथियास झ्दार्स्की याने 1890 च्या दशकात नॉर्वेजियन स्की आखूड केली. साल्झबुर्गच्या रुडोल्फ लेटनर याने 1926 मध्ये पोलादी कडांचे पेटंट घेतले. 1936 च्या गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये आल्पाइन शर्यतींचा प्रथमच समावेश झाला, आणि तेथून पुढे स्कीचा आकार कोणी ठरवायचा हा प्रश्न जणू निकालात निघाला. तो शर्यतीने ठरवायचा. शर्यतीचा उतार दाबलेला आणि टणक असतो. तेथे रुतण्याचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो कडेच्या पकडीचा. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाण्यासाठी पायाखालची स्की अरुंद हवी आणि वेगात स्थिर राहण्यासाठी लांब हवी. कंबरेशी 65 ते 70 मिलिमीटर रुंद आणि दोन मीटरहून लांब हे प्रमाण त्यातून रूढ झाले. दुकानात जाणारा सामान्य ग्राहकही विजेत्याचीच स्की मागू लागला, मग त्याला दिवसभर जावयाचे हिम कोणतेही असो. रुंदीचे विस्मरण झाले ते असे. ते अज्ञानातून आलेले नव्हते. एका विशिष्ट पृष्ठभागाला सर्व पृष्ठभागांचे मानक मानण्याची ती फलश्रुती होती.

बांधणीतील स्थित्यंतरे

आकार थिजलेला असताना बांधणी मात्र वेगाने बदलत होती. एकाच लाकडातून कोरलेली स्की दमट हवेत पिळवटत असे. 1930 च्या दशकात लाकडाचे पातळ थर चिकटवून स्की बनू लागल्या. यानंतरचा निर्णायक प्रयोग मेरीलँड राज्यात बाल्टिमोर येथील विमान कारखान्यात अभियंता असलेल्या हॉवर्ड हेड याचा होय. विमानाच्या बांधणीत वापरली जाणारी, दोन धातुपत्र्यांमध्ये हलका गाभा धरण्याची पद्धत त्याने 1947 पासून स्कीला लावून पाहिली. आरंभीच्या जोड्या मोडल्या. अखेरीस प्लायवुडचा गाभा, ॲल्युमिनियमचे पत्रे आणि पोलादी कडा यांची जुळणी साधून 1950 मध्ये 'हेड स्टँडर्ड' बाजारात आली. ती इतकी सहज वळे की तिला लबाडांची स्की असे विनोदाने म्हटले जाई. भुसभुशीत हिमात ही लवचिक धातूची स्की विशेष उपयोगी ठरली आणि पुढे त्या कंपनीने 'डीप पावडर' नावाची स्कीही काढली. तथापि लवचिकता वाढली तरी रुंदी वाढली नाही. याच हेडने 1970 च्या दशकात टेनिसची रॅकेट आकाराने मोठी करून त्या खेळाचे स्वरूप पालटले. ज्या माणसाला रॅकेट रुंद करावीशी वाटली, त्याला स्की रुंद करावीशी वाटली नाही, हा योगायोग इतिहासकाराला विचार करावयास लावणारा आहे.

1960 च्या सुमारास क्नाइस्लची 'व्हाइट स्टार' आणि तिच्या समकालीन स्की यांनी काचतंतूंचे युग आणले. 1990 मध्ये सालोमाँने कवचासारखी एकसंध बांधणी लोकप्रिय केली. आज उत्तम मानली जाणारी बहुतेक स्की पुन्हा थरांच्याच पद्धतीची असते. मध्ये पॉप्लर, ॲश, पावलोनिया किंवा बांबू यांसारख्या लाकडाच्या पट्ट्यांचा गाभा, त्याच्या वरखाली काचतंतू किंवा कार्बनतंतू, काहींमध्ये ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा, आणि तळाला पॉलिएथिलीन.

रुंद स्कीच्या बाबतीत या बांधणीपुढे एक खास अडचण उभी राहते. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या रुंदीच्या प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दीडपट केली आणि जाडी तशीच ठेवली तर स्की दीडपट ताठ होईल. भुसभुशीत हिमात ताठ स्कीचे टोक खाली घुसते, म्हणून पूर्वीचाच लवचिकपणा हवा असल्यास जाडी सुमारे 13 टक्क्यांनी कमी करावी लागते. परंतु पातळ आणि रुंद फळी पिळवटण्यास सोपी. तेव्हा लांबीच्या दिशेने मऊ आणि पिळाच्या दिशेने ताठ, असे दोन परस्परविरोधी गुण एकाच वस्तूत आणावे लागतात. तिरक्या विणीचे काचतंतू किंवा कार्बनतंतू यांनी हे साधते. रुंद स्की केवळ लाकडाच्या काळात शक्यच नव्हती असे यावरून कोणी म्हणेल, तर काल्व्हट्रेस्कचे उदाहरण त्याविरुद्ध आहे. खरे इतकेच की वेगाने वळणारी रुंद स्की नव्या तंतूंशिवाय कठीण होती.

बाहेरून आलेली कल्पना

रुंदीचे पुनरागमन शर्यतीच्या जगातून झाले नाही. त्याचे दोन उगम आहेत आणि दोन्ही बाहेरचे. पहिला हेलिकॉप्टर स्कीइंगचा. ऑस्ट्रियात जन्मलेला मार्गदर्शक हान्स ग्मोझर याने 1965 मध्ये कॅनडातील बुगाबू पर्वतात हेलिकॉप्टरने पाहुणे शिखरावर नेण्यास आरंभ केला. मूळचा ऑस्ट्रियाचाच माइक वीगेले 1970 पासून याच व्यवसायात उतरला आणि पुढे ब्लू रिव्हर येथे स्थिरावला. या व्यवसायाचा ग्राहक धनिक, बहुधा पन्नाशीकडे झुकलेला आणि वर्षातून एखादा आठवडाच बर्फावर येणारा होता. अरुंद स्कीवर खोल हिमात उतरण्याचे कौशल्य कमावण्यास वर्षे लागत. पाहुणा पडला की त्याची हिमात गाडली गेलेली स्की शोधण्यात सारा गट खोळंबे.

दुसरा उगम स्नोबोर्डचा. 1965 मधील शर्मन पॉपन यांच्या 'स्नर्फर'पासून 1970 च्या दशकात युटामध्ये दिमित्रिये मिलोविच यांनी बनवलेल्या 'विंटरस्टिक'पर्यंत एक वेगळीच परंपरा घडत होती. तिचा आदर्श स्की नव्हता, समुद्राच्या लाटेवरची फळी होती. अनेक स्कीकेंद्रांनी बंदी घातलेला हा 'उपटसुंभ' खोल हिमावर सहज तरंगत असे, आणि शेजारी गुडघाभर रुतलेल्या निष्णात स्कीपटूला ते दिसत होते.

हे दोन्ही धागे 1988 मध्ये ऑस्ट्रियातील आटोमिक कंपनीत एकत्र आले. तेथील रुपर्ट हूबर याने स्नोबोर्ड करवतीने उभा कापून त्याच्या दोन स्की केल्या, असे या शोधाविषयी सांगितले जाते. त्यातून 'पावडर प्लस' ही स्की निर्माण झाली. ती नेहमीच्या स्कीहून जवळजवळ दीडपट रुंद आणि लांबीने बरीच आखूड होती. वीगेले याच्यासारख्या हेलिकॉप्टर-व्यावसायिकांनी ती आपल्या पाहुण्यांच्या हाती दिली. दोन दिवसांत थकणारा पाहुणा आता आठवडाभर टिकू लागला. निष्णात मंडळींनी या स्कीला 'लठ्ठ' म्हणून हिणवले, कारण कष्टाने मिळवलेले कौशल्य ती जणू नवख्याला फुकट देत होती. ही हेटाळणी महत्त्वाची आहे. साधनाच्या सुधारणेला होणारा विरोध पुष्कळदा साधनाच्या दोषांमुळे नसतो. त्या साधनाने कोणाची प्रतिष्ठा कमी होते यावर तो अवलंबून असतो.

या सुमारास दाबलेल्या उतारावरही बदल होत होता. स्लोव्हेनियातील एलान कंपनीत युरी फ्रान्को आणि पावेल श्कोफिच यांनी कंबर अतिशय निमुळती करून 1993 मध्ये 'एससीएक्स' आणली. तिची त्रिज्या 15 मीटरच्या आसपास होती. तिच्यामुळे सामान्य स्कीपटूही कडेवर वळण कोरू लागला. दशकाच्या अखेरीपर्यंत खोल कंबर सर्वमान्य झाली आणि रुंद स्कीलाही ती दिली जाऊ लागली. कोलोरॅडोच्या व्होलांट कंपनीची पोलादी कवचाची, कंबरेशी सुमारे 90 मिलिमीटर रुंद असलेली 'चब' ही या काळातील प्रसिद्ध स्की होय.

स्पॅच्युला

खोल कंबर भुसभुशीत हिमात उपकारक आहे का, हा प्रश्न विचारण्याचे श्रेय शेन मॅकॉन्की (1969–2009) याला द्यावे लागते. व्हँकूव्हरमध्ये जन्मलेला आणि कॅलिफोर्नियातील, 2021 पासून पॅलिसेड्स टाहो नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रावर वाढलेल्या कीर्तीचा हा स्कीपटू विनोदी वृत्तीसाठीही प्रसिद्ध होता. त्याचा युक्तिवाद साधा होता. भुसभुशीत हिम टणक जमिनीपेक्षा पाण्याला अधिक जवळचे आहे. मग त्यावर चालणाऱ्या साधनाने होडीचा किंवा पाण्यावरच्या स्कीचा आकार घ्यावा. होडी मध्यभागी रुंद असते आणि तिची दोन्ही टोके वर उचललेली असतात. स्की मात्र नेमकी उलट. ती मध्यभागी अरुंद असते आणि मोकळी ठेवली असता तिचा मध्य कमानीसारखा वर राहतो, जेणेकरून भार दिल्यावर तिची दोन्ही टोके टणक हिमावर दाबली जावीत. टणक हिमावर हा गुण आहे. खोल हिमात ही रुंद टोके रुततात आणि वळताना अडकतात. मॅकॉन्कीने 1990 च्या दशकात अलास्कात पाण्यावरच्या स्कीला बाइंडिंग ठोकून हे पडताळून पाहिले.

व्होलांटमधील अभियंता पीटर टर्नर याच्या साहाय्याने 2001 मध्ये नमुने तयार झाले आणि 2002 मध्ये 'स्पॅच्युला' अल्प संख्येने बाजारात आली. तिची मापे पुढे 115, मध्ये 125 आणि मागे 115 मिलिमीटर होती. बाक बाहेरच्या बाजूला आणि कमान उलटी, म्हणजे पारंपरिक स्कीचे दोन्ही नियम तिने एकदम उलटवले. अशी स्की वळणाचा कंस कोरत नाही. ती आडवी होऊन हिमावरून सरकते आणि वेग हवा तसा कमीजास्त करता येतो. यासाठी स्कीपटूला आपली पूर्वीची सवय सोडावी लागे. वजन मागे टाकून टोके वर धरण्याची जुनी युक्ती येथे उपयोगाची नव्हती. टणक हिमावर तर ही स्की जवळजवळ निरुपयोगी होती, आणि तिच्या निर्मात्याने ते लपवलेही नाही. तेथे तिला टेकावयास फक्त मधला तुकडा असे.

व्यापारी दृष्टीने स्पॅच्युला अयशस्वीच म्हणावी लागेल. तिची कल्पना मात्र पसरली. मॅकॉन्की पुढे के-टू कंपनीकडे गेला आणि 2006 मध्ये 160, 130, 120 मिलिमीटर मापांची 'पॉन्टून' आली. तिचे पुढचे टोक लांबवर उचललेले होते, कंबर मात्र पुन्हा आत होती. टर्नर याने स्टीफन ड्रेक याच्यासह डीपीएस ही कंपनी उभारून कार्बनतंतूंच्या हलक्या रुंद स्की बनवल्या. रोसिन्योलची 'एस-सेव्हन' आणि आर्माडाची 'जेजे', दोन्ही कंबरेशी सुमारे 115 मिलिमीटर, यांनी तडजोडीचा आकार स्थिर केला. पायाखाली थोडी कमान आणि कंबर, दोन्ही टोकांकडे उलटी कमान, आणि टोकाच्या अलीकडेच कमाल रुंदी संपवून पुढे निमुळते होणे. खोल हिमात टोके तरंगतात, टणक हिमावर मधला भाग पकड देतो. स्पॅच्युलाच्या एकांगी शुद्धतेपेक्षा हा आकार कमी सुसंगत आहे. परंतु दुपारी उतारावरून खाली येताना प्रत्येकाला दाबलेला रस्ता ओलांडावाच लागतो, हे तो विसरत नाही.

कार्यक्षमतेची किंमत

या तुलनेत रुंदीची दुसरी बाजू नोंदणे आवश्यक आहे. टणक हिमावर स्की कडेवर उभी केली की आधार पायाच्या मध्याखाली न राहता कडेवर जातो. 66 मिलिमीटरच्या कंबरेत हे अंतर 33 मिलिमीटर असते. 125 मिलिमीटरच्या कंबरेत ते साडेबासष्ट होते. म्हणजे तोच भार घोटा व गुडघा यांना जवळजवळ दुप्पट तरफेने पिळतो. कडेवरून कडेवर जाण्यास वेळही अधिक लागतो. त्यामुळे 2010 नंतरच्या दशकात रोजच्या वापराची स्की पुन्हा काहीशी अरुंद झाली आणि 115 मिलिमीटरपुढील रुंदी बहुतांशी खोल हिमाच्या दिवसांपुरती राहिली. रुंदीची ही ओहोटी म्हणजे फसलेली फॅशन असे काही वेळा म्हटले जाते, ते योग्य वाटत नाही. आकार पृष्ठभागाप्रमाणे वेगवेगळे असावेत हे तत्त्व या ओहोटीत टिकून राहिले, आणि शर्यतीच्या युगाला तेच मान्य नव्हते.

किंमत केवळ गुडघ्यांनी दिली असे नाही. पूर्वी मोजक्या निष्णातांना साधणारे खोल हिम हजारोंना खुले झाले. जो उतार तीनचार दिवस अस्पर्श राहत असे, तो काही तासांत रेघोट्यांनी भरू लागला, आणि नवे हिम शोधत लोक केंद्राच्या हद्दीबाहेर जाऊ लागले. रुंद स्कीमुळे तीव्र उतार सोपा वाटतो. त्याखालच्या दुर्बल थराला मात्र स्की रुंद आहे की अरुंद याची फारशी पर्वा नसते, कारण स्कीपटूचे वजन तेवढेच राहते. आर्माडाच्या ज्या 'जेजे' स्कीचे नाव जेपी ओक्लेर याच्याशी जोडलेले आहे, तो ओक्लेर 2014 मध्ये चिलीत हिमस्खलनात मरण पावला. मॅकॉन्कीचा अंत वेगळ्या कारणाने झाला. 26 मार्च 2009 रोजी इटलीतील डोलोमाइट पर्वतात कड्यावरून पंखपोशाखासह उडी घेताना त्याच्या स्की वेळेवर सुटल्या नाहीत.

भारताचा या इतिहासाशी संबंध गुलमर्गमुळे येतो. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तेथे 1927 मध्ये स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हाच्या स्की लाकडी आणि अरुंद होत्या. गोंडोलाचा पहिला टप्पा 1998 मध्ये आणि अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारे 3,950 मीटर उंचीवर नेणारा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला. म्हणजे पहिला टप्पा स्पॅच्युलाच्या थोडा आधी, तर दुसरा तिच्या नंतर आणि पॉन्टूनच्या एक वर्ष आधी. दाबलेल्या उतारांची संख्या तेथे थोडी आणि वरचा डोंगर बव्हंशी मोकळा, त्यामुळे हेलिकॉप्टरचे भाडे न देता खोल हिम मिळवू पाहणारे परदेशी स्कीपटू आपापल्या रुंद स्की घेऊन तेथे येऊ लागले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू मृत्यू पावले. पुढील वर्षी फेब्रुवारीतच एका रशियन स्कीपटूचा तेथे असाच अंत झाला.